काकीवरचं बालंट आणि जपानची शर्यत

शाळेचं प्रकरण नंतर. अर्धं लिहून झालंय, ते पडू दे तसंच. आधी हे सांगणार आहे, आत्ताच, कारण आणखी दोन दिवस गेले तर माझा राग निवेल आणि मीसुद्धा बाकीच्यांसारखी हे हसत हसत सांगायला लागेन. परवा महाडला एका साखरपुड्याला गेलो होतो. जेवणं आटपत आली होती. माझा चुलत भाऊ प्रशांतदादा, चाळिशी ओलांडली तरी तसाच, खुर्ची उलटी करून बसला आणि त्याने तो किस्सा काढला: आमच्या सुषमीने, म्हणजे मी, म्हशीला फॉर्म्युला वनचं वेड लावलं होतं. तोंडाने गाडीचे आवाज काढले, नक्कल केली, मांडव हसून लोळला. नवऱ्या मुलाच्या मामांना तर ठसका लागला. सगळा किस्सा झाला आणि त्यात काकीचं नाव एकदाही आलं नाही. काकी म्हणजे प्रशांतदादाची स्वतःची आई. ती तिथंच बसली होती, दोन खुर्च्या सोडून. किस्सा संपायच्या आधी ती उठली आणि हात धुवायला गेली, आणि मला माहीत आहे, हात तिने मघाशीच धुतले होते. मी येताना गाडीतच टाईप करायला घेतलं. चुका असतील तर असू देत.

तर आमचं घर. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी, पंधरा-वीस उंबरे. घरातून कशेडी घाट दिसत नाही पण ऐकू येतो. ट्रक चढणीला लागला की आधी कण्हतो, मग गिअर बदलतो, मग परत कण्हतो. मी हे ऐकत मोठी झाले, त्यामुळे इंजिनचा आवाज माझ्यासाठी कावळ्याच्या आवाजासारखा होता, असायचाच. घर एकच, पण माझ्या जन्माआधी त्याची वाटणी झालेली आणि मधोमध भिंत घातलेली. अलीकडे आम्ही, पलीकडे तात्या, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, आणि काकी. भिंत सरळ जाऊन गोठ्यात घुसलेली. आमची म्हैस भिंतीच्या अलीकडे, त्यांची पलीकडे. वाटणीत जमिनीवरून भांडण झालं नाही, नारळांवरून झालं नाही. झालं ते पाट्यावरून. वाटणाचा काळा पाटा काकीकडे गेला आणि आईकडे नुसता वरवंटा आला, आणि त्या दिवसापासून दोघींचा अबोला. आता अबोला म्हणजे गप्प बसणं असं कुणाला वाटत असेल तर त्यांनी आमच्या घरी यायला हवं होतं. दोघी दिवसभर बोलायच्या, फक्त एकमेकींशी नाही. आई म्हशीला आंबोण घालताना भिंतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणायची, "खा गो हरणे, पोटभर खा. कुणाच्या डोळ्यात का सलेना." की पलीकडून काकी कोंबड्यांना, "या गो या, टिपा दाणे. आपल्याला कुणाचं दूध नको नि कुणाचे टोमणे नकोत." मध्ये हरणी बिचारी रवंथ करत उभी. सगळी भांडणं तिच्या अंगावरून जायची.

काकीची म्हैस त्या वर्षी भाकड होती, आमची हरणी दुधावर. हे लक्षात ठेवा, पुढे ह्याच गोष्टीचं शस्त्र झालं.

आणि टीव्ही पलीकडे. केबलवाल्याने आंब्यावरून फणसावर, फणसावरून तात्यांच्या कौलांत अशी वायर ओढली होती. आमच्याकडे टीव्ही नव्हता, आणि बाबांना तो यावा असं वाटतही नव्हतं. मी नववीत होते. त्या वर्षी प्रशांतदादा मुंबईहून परत आला. तिकडे गॅरेजमध्ये कामाला होता, पाठ धरली म्हणून घरी पाठवला. आला तो नुसती पाठ घेऊन नाही, भाषा पण घेऊन आला. "अरे यार, सॉलिड मशीन हाय." "टेन्शन नाय लेने का." तात्या म्हणायचे, "ह्याला आधी मराठीत आणा, मग डॉक्टरकडे न्या." तर हा दिवसभर खाटेवर आडवा आणि रविवारी मोटारींच्या शर्यती लावायचा. मी पहिल्यांदा बघितली ती ऑस्ट्रेलियातली, मार्चातला रविवार, सकाळी भाकरी खायच्या वेळेला. मी खरं तर काकीकडून विळा आणायला गेले होते. दारातच थांबले. त्या गाड्या जमिनीला पोट लावून पळत होत्या, घोरपडीसारख्या, आणि आवाज असा की छातीत कुणी कापड टरकावतंय. विळा हातात धरून मी दोन तास उभी होते. प्रशांतदादाने एकदा वळून बघितलं आणि म्हणाला, "बस की. का गवत कापणारेस घरात?"

त्याची गाडी चंदेरी. म्हणून माझी लाल. मला लालवाल्याबद्दल काहीच माहीत नव्हतं. प्रशांतदादाला तो आवडत नाही एवढं पुरलं. लालवाला आधीच बरीच वर्षं जिंकत आलेला, गर्विष्ठ हनुवटीचा माणूस. चंदेरीवाला कोवळा पोर, हसायचाच नाही. आम्ही दोघं वर्षभर भांडलो. तो म्हणायचा, "तुझा म्हातारा झाला, आता त्याला नांगराला जुंपा." मी म्हणायचे, "तुझ्याला आधी मिशी फुटू दे." हे गमतीत नव्हतं. तो मला खरंच चिमटे काढायचा आणि मी एकदा त्याच्या दुखऱ्या पाठीवर मुद्दाम शेणी टाकली होती. ब्राझीलची शर्यत आपल्याकडे रात्री, ती बघायची सोयच नव्हती. नंतर पेपरात वाचली. तिथं असा पाऊस झाला होता की एकाच वळणावर एकामागून एक गाड्या घसरून भिंतीला गेल्या, माझा लालवाला पण. पेपर घेऊन प्रशांतदादा आमच्या अंगणात आला आणि बाबांसमोर मोठ्याने वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "पावसात घाटात उतरताना दुसरा गिअर सोडायचा नाय, हे त्या गोऱ्यांना कुणी सांगितलं नाय काय?" बाबांनी उभ्या जन्मात बैलगाडीशिवाय काही चालवलं नव्हतं.

आणि काकी. मी हे नीट लिहिणार आहे, कारण साखरपुड्यात हे कुणी सांगितलं नाही. आईशी अबोला असला तरी काकीने मला कधी उंबऱ्यावर अडवलं नाही. शर्यतीच्या दिवशी मी गेले की ती न बोलता पाट सरकवायची. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी, कधी कुळथाची पिठी, आणि कोरा चहा, कारण म्हैस भाकड. तात्या कुरकुरायचे, "पोरीच्या जातीला गाड्यांचं काय? सासरी काय ट्रक चालवणार हाय?" तेव्हा काकी म्हणायची, "चालवीना का. तुमच्यापेक्षा बरा चालवील. तुम्हाला सायकल धड येत नाय." तिला शर्यतीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण लाल गाडी कुठली, तेवढं तिने विचारून घेतलं होतं, आणि ती दिसली की भाकरी थापता थापता म्हणायची, "ती बघ गो, तुझी आली."

आता मधली अडचण. शिमग्यानंतर आई पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, धुणं घेऊन जाताना शेवाळावरून घसरली आणि उजवं मनगट मोडलं. महाडला प्लास्टर घातलं, ते निघालं तर हाड वाकडंच बसलेलं. मग सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडावर दर आठवड्याला हात शेकायला जायची. पिळायचं काही काम करायचं नाही, असं डॉक्टर बोलले होते. आणि धार काढणं म्हणजे पिळणंच. हरणीचं रेडकू जन्मल्या आठवड्यातच गेलं होतं. ज्यांनी म्हशी पाळल्यात त्यांना माहीत असेल, रेडकू नसलं की म्हैस पान्हा सोडायला कुरकुरते. तिला एक माणूस लागतं, रोजचं. हरणी फक्त आईलाच सोडायची. त्यावर आमच्याकडे उपाय एकच: आईचं लुगडं नेसून बसायचं. म्हशीला वास तिचा येतो, ती फसते. तर मी चौदा वर्षांची, शाळेचा युनिफॉर्म काढून आईचं जुनं हिरवं लुगडं गुंडाळून, चरवी गुडघ्यात धरून रोज दोन वेळा. आणि युरोपातल्या सगळ्या शर्यती, जरा बघा नशीब, रविवारी संध्याकाळी साडेपाचला. धारेची वेळ पण साडेपाच. दोन्हीतलं काही हलत नव्हतं. मी आईला म्हटलं, "आज सहाला काढते ना." आई म्हणाली, "तिच्या कासेला घड्याळ बांध आणि तिला विचार." मी म्हटलं, "जगातल्या सगळ्या गाड्या तिथं पळतायत." आई म्हणाली, "पळून कुठं जातात? जिथनं निघाल्या तिथंच येतात ना फिरून. घाण्याचा बैल काय वेगळं करतो?"

म्हणून सुरुवात माझी चुकायची. पाच लाल दिवे लागतात आणि विझतात, आणि वीस गाड्या एकदम उसळतात, तो क्षण मी भिंतीच्या ह्या बाजूला, शेणात पाय ठेवून ऐकायचे. काकी दिवे लागायच्या वेळी भिंतीवर उलथन्याने दोनदा वाजवायची, म्हणजे मला कळावं. स्पेन झालं, ऑस्ट्रिया झालं, समुद्राकाठच्या त्या श्रीमंत गावातल्या गल्ल्यांतली झाली. इंग्लंडला एक येडा माणूस धावत्या गाड्यांच्या मध्ये घुसला, तेव्हा भिंतीपलीकडे प्रशांतदादा किंचाळला आणि मी चरवी घेऊन तशीच उठले, दोन शेर दूध सांडलं. त्या दिवशी आईने डाव्या हाताने मारलं आणि बजावलं, "गोठ्यात गाड्यांचं नाव काढलंस तर त्या पेटीत दगड घालीन, मग ती कुणाची का असेना."

मग नाव काढायचं बंद. पण आवाज? रोज सकाळ-संध्याकाळ, एकटी, अंधुक गोठ्यात, हातांना काम आणि तोंड मोकळं. मी पहिल्यांदा हळूच केलं. दुरून येणारी गाडी: न्यीऽऽऽ. जवळून जाणारी: याँव. मग गिअर खाली, बुब् बुब् बुब्, वळण, परत न्यीऽऽऽ. एका सडाची धार म्हणजे सरळ रस्ता, सड बदलला की वळण. लालवाला नेहमी डाव्या मागच्या सडावर जिंकायचा. मी रोज एक शर्यत चालवायचे आणि हरणी कान मागे टाकून शांत उभी राहायची. सगळ्या पावसाळ्यात दूध कमी झालं नाही. बाबा कौतुकाने म्हणाले, पोरीच्या हाताला गुण हाय. मला पण तेच वाटलं. हाताला.

घटस्थापनेला आईने धार परत घेतली. हात बरा झाला होता, दिवस चांगला होता, आणि सहा महिने दुसऱ्याने आपली म्हैस पिळावी हे तिला सलत होतं, पोटची पोर असली म्हणून काय. तिने नवं आंबोण केलं, हरणीच्या कपाळाला कुंकू लावलं, बसली. आणि हरणीने काही सोडलं नाही. आई चोळतेय, थोपटतेय, गाणं म्हणतेय, आणि म्हैस चोरून बसलीय. अर्धी वाटी. संध्याकाळी तेच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मला बसवलं, लुगडं नेसवून, आणि आई डोक्यावर उभी. ती उभी म्हणून मी तोंड गच्च मिटलेलं. मलाही अर्धी वाटी. आईने भिंतीकडे बघितलं.

मला दुपारी शंका आली. घरी कुणी नव्हतं. मी गोठ्यात गेले, लुगडं नाही काही नाही, हरणीच्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच केलं: न्यीऽऽऽ याँव. तिने कान टाकले. कास ओघळल्यासारखी सैल झाली, आणि सडातून दोन थेंब आपोआप पडले. मी इतकी घाबरले की पळत माळ्यावर जाऊन बसले. सहा महिन्यांत मी म्हैस बिघडवली होती. आईला सांगायचं तर काय सांगायचं? तुझा वास, तुझा हात, तुझं लुगडं तिला नको, तिला गाड्या हव्यात? मी ठरवलं, संध्याकाळी सांगू. पण संध्याकाळ व्हायच्या आत आईने मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या, ठसका आला नाही, म्हणजे दृष्ट मोठी, आणि पदर खोचून ती अंगणात आली. त्या दिवशी पहिल्यांदा, चौदा वर्षांनी, आई म्हशीशी न बोलता सरळ काकीशी बोलली.

"काय बांधलंयस माझ्या गोठ्यात?"

काकी सूप घेऊन बसली होती. तिला वाटलं असावं, कोंबड्यांबद्दल विचारतेय. "काय बांधणार?"

"तुझी भाकड ती भाकड, म्हणून माझीचा पान्हा बांधलास. भिंतीवर रोज ठोकत होतीस, मी काय बहिरी हाय? काय मंत्र घालत होतीस?"

काकीने माझ्याकडे बघितलं. मी दारात होते. ती ठोकत का होती हे त्या अंगणात तिला आणि मला ठाऊक होतं. तिने वाट बघितली. मी फ्रॉकच्या शिवणीचा दोरा काढत राहिले. मग काकी म्हणाली, "बरं." एवढंच. सूप घेऊन आत गेली. तिच्या जागी तात्या बाहेर आले, आणि त्यांनी बाबांचा, आईचा, वरवंट्याचा, सगळ्यांचा उद्धार केला. शेवटी म्हणाले, "आजपासून ह्या घरातलं पोर माझ्या उंबऱ्यात दिसलं तर तंगडी मोडीन." पोर मी एकटीच होते.

वाडीत करणीचा आळ म्हणजे काय, हे शहरातल्यांना सांगावं लागेल. काकी विहिरीवर गेली की बाकीच्या बायका भरलेले हंडे पदराखाली घ्यायच्या. नवरात्रात सवाष्णींची ओटी भरतात, तिला कुणी बोलावलं नाही. नाते गावाहून, तिच्या माहेरून, भाऊ आला आणि विचारून गेला, खरं काय ते. ती पहाटे अंधारातच पाणी भरायला लागली. आणि मी काय करत होते? मी गुणांची बेरीज करत होते. शेवटची शर्यत जपानात होती. लालवाल्याला एकच गुण पुरे होता. त्या वर्षापासून आठव्यालाही गुण मिळत होता. चंदेरीवाल्याला शर्यत जिंकायलाच हवी होती आणि वर लालवाला रिकामा राहायला हवा होता. वर्षभर मी ऑस्ट्रेलियापासून सगळं जग फिरून आले होते, आणि शेवटचं दार बंद. रात्री झोपताना मी काकीचा नाही, त्या दाराचा विचार करायचे. हे मी लिहितेय, कारण चौदा वर्षांची पोर निरागस असते वगैरे मला कुणी ऐकवू नये. मी नव्हते.

दसरा झाला आणि तात्यांनी निरोप धाडला: करणी केली का नाय ते देवीलाच विचारू, कौल लावू. आमच्याकडे वाद तसाच मिटतो. गुरव देवीच्या दोन्ही खांद्यांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो, आणि सगळे बघत बसतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवीने हो म्हटलं की मग त्यावर कुणी बोलायचं नाही, जन्मभर. दोन्ही घरांनी उपाशी यायचं. गुरवाने दिवस दिला रविवार, वेळ दिली अकराची. जपानची शर्यत रविवारी अकराला होती.

तुम्हाला वाटेल मला टोचणी लागली. लागली असेल, पण खरं सांगते, हिशेब आधी आला. कौल लागला तर अकरा ते एक देवळात, शर्यत गेली. उजवी पाकळी पडली तर ते दार जन्माचं बंद, म्हणजे पुढच्या वर्षीच्या शर्यती पण गेल्या. सांगून टाकलं तर कौलच नको, आळ उतरला, तात्या खूश, दार उघडं, अकराला मी पाटावर. मार पडेल, पण तो पडून संपेल. शनिवारी अंथरुणात मी हे सगळं जुळवलं आणि गाढ झोपले.

रविवारी सकाळी आईने धार काढायचा प्रयत्न केला, जेमतेम वाटीभर, आणि चरवी आपटून म्हणाली, "आता देवीच बघेल." दहा वाजून गेले तेव्हा तात्या, काकी आणि काठी टेकत प्रशांतदादा अंगणात आले, धुतलेल्या कपड्यांत, तात्यांच्या हातात नारळ. काकीने नाकात नथ घातली होती, केस ओले. बाबा टोपी शोधत होते. मी पायरीवर उभी राहिले आणि एका दमात सगळं सांगितलं. कुणालाच कळलं नाही. परत सांगितलं.

तात्या म्हणाले, "म्हस गाडीच्या आवाजावर दूध देते?"

"हो."

"आणि विमानाच्या आवाजावर काय लोणी देते?" ते हसायला लागले. "चल, दाखव."

सगळे गोठ्यात आले. मी लुगडं नेसले नाही, फ्रॉकवरच बसले. तोंड कोरडं पडलं होतं, पहिला आवाज निघालाच नाही. मग निघाला. न्यीऽऽऽ याँव. बुब् बुब्. न्यीऽऽऽ. हरणीने कान टाकले आणि चरवीत धार वाजली, अशी जाड की फेस वर आला. तात्या हसता हसता खाली बसले. बाबांना हसू आवरेना, ते टोपीत तोंड घालून उभे. प्रशांतदादा पाठ धरून म्हणाला, "अरे यार, हिने तर पिट स्टॉप उघडलाय, तेल भरायचा." आई हसली नाही. तिने माझा दंड धरून मला उठवलं, तिथंच, अर्ध्या धारेत. "ऊठ." मारलं नाही. चरवी भिंतीकडे ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. मी तिची म्हैस नेली होती, आणि ते तिला तिच्या वैरिणीसमोर कळलं होतं.

काकी पण हसली नाही. ती मला म्हणाली, "तुला कधीपासून ठावं होतं?"

"पंधरा दिवस."

"पंधरा दिवस." तिने नथ सरळ केली. "मी अंगणात तुझ्याकडे बघत होते तेव्हा ठावं होतं?"

मी होय म्हणून मान हलवली.

"मग आजच का गो तोंड उघडलंस?"

मी म्हटलं, "देवळात खोटं पडेल म्हणून. देवीला कळेल."

काकीने वळून प्रशांतदादाला विचारलं, "किती वाजता हाय रे ती तुझी आजची शर्यत? काल घसा फोडून सांगत होतास."

तो म्हणाला, "अकरा."

तात्यांचं हसू थांबलं. काकी माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, भाजी निवडताना किडकं पान बघतात तसं. "देवीला कळेल न कळेल," ती म्हणाली, "मला कळलं." मग तात्यांच्या हातून नारळ घेतला, तो आमच्या पायरीवर ठेवला आणि आपल्या दारात गेली. मी मागोमाग गेले. खरंच गेले, लाज नव्हती मला. तिने उंबऱ्यावर उभं राहून दार माझ्या तोंडावर लावलं. आपटलं नाही. नीट लावून आतून कडी घातली. कडीचा आवाज मी ऐकला.

अकराला भिंतीपलीकडे टीव्ही लागला. मी गोठ्यात जाऊन भिंतीला कान लावला. इंग्रजी समालोचन, त्यातली गाड्यांची नावं आणि आकडे तेवढे कळत होते. मग दिवे लागले असावेत, कारण सगळे गप्प झाले, आणि वीस इंजिनं एकदम उठली. आवाज एवढा मोठा की कौलं हलली. प्रशांतदादाने मुद्दाम वाढवला होता. मला जळवायला का ऐकू यावं म्हणून, हे मी त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही. आणि हरणीने पान्हा सोडला. मी हात लावला नव्हता. चारी सडांतून थेंब, मग धागा, शेणावर दूध गळायला लागलं.

आई आत आली. तिने ते बघितलं. चरवी घेऊन ती माझ्याशेजारी बसली, माझा धक्का लागू न देता, आणि पिळायला लागली. वाकडं मनगट प्रत्येक धारेला दुखत होतं, दिसत होतं. दीड तास आम्ही दोघी तिथं होतो, धार पाच मिनिटांत संपली तरी ती उठली नाही. भिंतीपलीकडून कुणीतरी मोठ्याने आकडा सांगितला. एट. परत एट. शर्यत भलताच जिंकला होता, लालवाल्याचाच जोडीदार, चंदेरीवाला दुसरा, आणि माझा लालवाला, मध्ये कुणाला तरी धडकून मागे पडलेला, आठवा. एक गुण. वर्षाचा विजेता.

आईने न बघता विचारलं, "झालं?"

"झालं."

"कितवा आला तुझा?"

"आठवा."

"आठवा," आई म्हणाली. चरवीतला फेस बोटाने बाजूला करून दूध किती आहे ते तिने बघितलं. "आठव्यापायी त्या बाईला पंधरा दिवस चेटकीण केलीस. आणि मी मागनं ढोल वाजवला." ती उठली. दारात थांबली. "परत कधी लागतात ह्या?"

"मार्चात."

"तोवर आवाज तूच काढायचास. दोन्ही वेळा. आणि मी बसणार, तू उभी राहायचंस." आणि तसंच झालं. हरणी आटेपर्यंत मी रोज आईच्या मागे उभी राहून तोंडाने गाडी चालवली, आणि भिंतीपलीकडे काकी ते रोज ऐकत होती. वाडीतल्या बायकांचे हंडे पदराबाहेर आले. आईने महिन्याभराने वरवंटा नेऊन काकीच्या ओटीवर ठेवला, काकीने तो आत घेतला, बोलणं सुरू झालं. दोघी आता एकत्र पापड लाटतात. काकी माझ्याशीही बोलते. प्रवास कसा झाला, जेवलीस का, पोरगी कितवीत. माझ्या लग्नात तिने मला पाटावर बसवलं, हळद लावली. पण "ती बघ गो, तुझी आली" त्या आवाजात ती माझ्याशी पुन्हा कधी बोलली नाही, आणि मी तिच्याकडे ते मागू शकत नाही.

तुमचं झालंय कधी असं? खोटं बोलल्याचं विचारत नाहीये, ते सगळ्यांचंच होतं. खरं बोललात, सगळ्यांसमोर, अगदी शब्द न् शब्द खरं, आणि ज्याच्यासाठी बोलतोय असं दाखवलंत त्याने तिथल्या तिथे ओळखलं की हे आपल्यासाठी नाही? झालं असेल तर मला एवढंच कळवा, नंतर त्या माणसाला तुम्ही काय म्हणालात. मला वीस वर्षांत सुचलेलं नाही.